पिकअपला 'पिकअप' नाही म्हणून चिप? आधी पाइप बघा

रानडिझेल, वाळपई:
काल इथे एकाने ठोकून दिलं, "जुन्या फोर-बाय-फोर पिकअपला चिप मारा, नाहीतर भंगारात घाला." चिप किंवा रिमॅप म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवणं. रात्रभर डोक्यात राहिलं, म्हणून लांबण लावतोय.

माझी २००९ ची, कॉमन रेल, म्हणजे डिझेल कॉम्प्युटर सोडतो ते इंजिन. चोर्ला घाटात तिसऱ्या गिअरातच दम टाकायची. मीसुद्धा चिपचे भाव विचारत फिरलो. निघालं काय? इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोकडून ती हवा गार करणाऱ्या इंटरकूलरला जाणाऱ्या रबरी पाइपाला क्लॅम्पखाली चीर! हवा बाहेर, डिझेल आत, मागे काळा धूर. ईजीआर, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, काजळीने बुजलेला आणि एअर फिल्टर खाणीच्या मातीने विटेसारखा लाल. तेवढं केलं आणि गाडी परत चौथ्यात चढू लागली. कंपनीने दिलेली ताकदच गळत होती, हो!

आणि ते तुमचे मोठे ३१ इंची टायर. मूळ २३५/७५ आर १५ चा व्यास ७३३ मिमी, ३१ चा ७८७. सगळे गिअर सात टक्के जड झाले. खेच आपणच घालवायची आणि मग ती चिपवाल्याकडून विकत आणायची.

म्हापशेकर:
ती पोस्ट माझीच. पाइप तपासा हे बालवाडीतलं झालं, ते मी धरूनच चाललो होतो. रिमॅपनंतर अनमोड घाटात भरल्या गाडीने ट्रक मागे टाकतो. गेल्या महिन्यात मोरजीला वाळूत रुतलेली काळ्या पाटीची, भाड्याची जीप एका दमात ओढून काढली. तुमच्या फिल्टरने निघाली असती?

काणकोणी:
थांब. तू पिकअप घेऊन मोरजीच्या वाळूत गेलास? तिथे कासवं अंडी घालायला येतात. आमच्या आगोंद-गालजीबागलाही हेच. किनाऱ्यावर गाडी नेणं मुळात बंद आहे आणि हा मर्दुमकी सांगतोय!

म्हापशेकर:
मग भरतीत बुडू द्यायची? डिझेल, ऑइल सगळं समुद्रात? कासवांना ते चालतं वाटतं.

काणकोणी:
ओढून काढता म्हणूनच पुढचा येतो. एकदा गाडी बुडून भाड्याची अनामत गेली की अक्कल येईल. आमच्या वाड्यात रात्री दोनला हॉर्न मारत रस्ता विचारतात, ते वेगळंच.

रानडिझेल, वाळपई:
अरे, विषय पिकअपचा आहे.

काणकोणी:
विषय पिकअपनेच वाळूत नेला, मी नाही.

फोंड्याचा मिस्त्री:
तीस वर्षं हेच करतोय. कॉमन रेलचं रिमॅप नीट बसलं तर ताकद वाढते, हे खरं. वाळपईकरांनी कबूल करावं. पण टॉर्क वाढला की आधी जुनी क्लच प्लेट बोलते. जुन्या मेकॅनिकल पंपवाले तर जास्त डिझेल जायला स्वतःच पंपाचा स्क्रू पिळतात, घाटभर काळा धूर सोडतात, मग वितळलेला पिस्टन घेऊन माझ्याकडे येतात आणि विचारतात, "कंपनीचा माल वाईट का हो?"

नियमबाब, पणजी:
मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. कंपनीच्या मूळ तपशिलाबाहेर बदल चालत नाहीत, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय. आता बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते.

म्हापशेकर:
आले! बाब, तुमच्या गाडीचा हॉर्न तरी मूळचा आहे ना?

रानडिझेल, वाळपई:
बरं, रिमॅपने ताकद वाढते. मिस्त्रींचा मान म्हणून मान्य, तुमचा म्हणून नव्हे. आता खरं सांगा, मोरजीला टायरची हवा किती होती?

म्हापशेकर:
...१८ पीएसआयवर उतरवली होती.

रानडिझेल, वाळपई:
म्हणजे आधी निघत नव्हती! वाळूतून गाडी चिप नाही, कमी केलेली हवा बाहेर काढते. आणि लो गिअर?

म्हापशेकर:
टाकला होता. मिस्त्री, क्लचचा वास अजून येतोय, गुरुवारी आणू का? पाइपही बघा. कोणी सांगितलं म्हणून नाही, असंच.