निवृत्तीनंतर जोडीने लांब पल्ल्याची रेल्वे : तुमचे अनुभव, युक्त्या आणि खाचाखोचा

होल्डॉल
जयंती जनता आता मुंबईऐवजी पुण्याहून कन्याकुमारीला जाते हे काल वेळापत्रकात दिसलं आणि होल्डॉल, पितळी डबे, फिरकीचा तांब्या सगळं डोळ्यांपुढे आलं. म्हणून हा धागा. साठीपुढच्या जोडप्याने देश आडवा-उभा पार करायचा तर काय काय लागतं, जाणकारांनी लिहा.

सुरुवात विवेक एक्सप्रेसपासून करतो. कन्याकुमारी ते दिब्रुगड, २०११ पासून धावते, अंतर ४,२०० किमीच्या आसपास, तीन दिवसांहून जास्त वेळ. देशातली सगळ्यात लांब पल्ल्याची गाडी. सगळे विचारतात, सलग बसवेल का? बसवेल, पण बसू नका. तिसऱ्या दिवशी पाय सुजतात, पोट बिघडतं आणि खिडकीबाहेर बघायची इच्छा उरत नाही. तीन तुकडे करा: विशाखापट्टणम किंवा भुवनेश्वरला दोन रात्री, न्यू जलपायगुडी किंवा गुवाहाटीला दोन रात्री, मग पुढे. गाडी तीच हवी असा हट्ट नको, त्या मार्गावर इतर गाड्या भरपूर आहेत.

लोअरबर्थ_प्लीज
चांगला धागा. आधी तिकिटाचं.

ज्येष्ठांची भाडेसवलत गेली, २० मार्च २०२० पासून बंद आहे (पुरुषांना ४०%, बायकांना ५०% असायची). पण खालच्या बर्थचा कोटा शिल्लक आहे आणि तो बऱ्याच जणांना माहीतच नसतो. पुरुष ६०+, स्त्री ४५+. वेबसाइटवर कोटा निवडताना 'जनरल' सोडून 'लोअर बर्थ / सीनियर सिटिझन' घ्यायचं. स्लीपरच्या डब्यात असे ६-७ बर्थ, थ्री एसीत ४-५, टू एसीत ३-४.

गोची कुठे होते? एका तिकिटावर दोघांपेक्षा जास्त नावं टाकली की हा कोटा लागू होत नाही. सोबत तरुण मुलगा किंवा सून घातली तरी नाही. आई-बाबांचं तिकीट वेगळं काढा, तुमचं वेगळं.

बुकिंग ६० दिवस आधी, सकाळी ८ ला उघडतं. १२० दिवसांचा नियम १ नोव्हेंबर २०२४ ला गेला.

घाटमाथा
+१. आणि जनरल कोट्यातून काढत असाल तर 'निदान एक खालचा बर्थ मिळाला तरच बुक करा' हा पर्याय टिकमार्क करा. नाहीतर दोघांना वरचे बर्थ, मग डब्यात शिरल्यापासून लोकांची मनधरणी.

नंबर पाठ करून ठेवा. स्लीपर आणि थ्री एसी: ८ चा एक कप्पा, त्यात १ आणि ४ खालचे, ७ साइड लोअर. टू एसी: ६ चा कप्पा, १ आणि ३ खालचे, ५ साइड लोअर. थ्री एसीच्या ७२ बर्थच्या डब्यात ३३-४० म्हणजे बरोब्बर मधला कप्पा. संडासाच्या दाराची आपटाआपटी तिथे येत नाही आणि चाकांपासून लांब असल्याने हादरेही कमी.

साइड लोअर दिसायला छान, झोपायला नाही. दोन पाठी पाडून बर्थ होतो, मधली फट नेमकी कमरेखाली येते. शिवाय उंच माणसाचे पाय मुडपतात. आणि आरएसी असेल तर तोच बर्थ दोघांत.

मुक्काम_पोस्ट
अहो होल्डॉल, तुकडे करायचे तर सर्क्युलर जर्नी तिकिटाचं लिहा ना! जिथून निघालात तिथेच परत यायचं असेल तर एकच तिकीट, वाटेत जास्तीत जास्त ८ ठिकाणी उतरता येतं. भाडं टेलिस्कोपिक, म्हणजे अंतर वाढेल तसा दर किलोमीटरचा दर उतरतो. सुटी तिकिटं काढण्यापेक्षा स्वस्त पडतं. ऑनलाइन मिळत नाही. मार्ग कागदावर लिहून मोठ्या स्टेशनच्या आरक्षण केंद्रात किंवा विभागीय वाणिज्य कार्यालयात द्यायचा. प्रत्येक टप्प्याचं आरक्षण मात्र वेगळं करावं लागतं, तिथेच लोक फसतात. तिकीट हातात आणि बर्थ नाही.

होल्डॉल
मुक्काम_पोस्ट, बरोबर, राहिलंच होतं. आणि सुटी तिकिटं काढणाऱ्यांनी दोन पीएनआर ऑनलाइन जोडून घ्या. पहिली गाडी लेट होऊन दुसरी चुकली तर परतावा मागता येतो. नाव, वय दोन्हीकडे तंतोतंत सारखं हवं. एकीकडे 'वसंत' आणि दुसरीकडे 'वसंतराव' असं नको.

गुळपापडी
पुराण सोडा, खायचं बोला :)

पहिल्या दिवशी दहीभात. भात दुधात कालवायचा, विरजण चमचाभरच, म्हणजे दुपारपर्यंत आंबत नाही. दुसऱ्या दिवशी तिखटमिठाच्या पुऱ्या: ३ वाट्या कणीक, पाव वाटी बेसन, ओवा, तीळ, हळद, तिखट, मीठ, कडकडीत तेलाचं मोहन, पीठ घट्ट. मेथी-कांदा घालायचा नाही, ओलाव्याने बुरशी धरते. तळून पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करू नका, वाफ धरली की पुऱ्या चामट आणि संध्याकाळी वास. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी. ओल्या खोबऱ्याची मुळीच नको.

गाडीत जेवण पीएनआरवर मागवता येतं, पण मोठं स्टेशन आणि जेवायची वेळ जुळायला हवी. गाडी दोन तास लेट झाली की रात्रीचं जेवण साडेदहाला येतं.

शेवंता_सातारा
गुळपापडी ताई दशम्या विसरलात!! पाण्याचा थेंब नाही, सगळं पीठ दुधात.

गुळपापडी
अगं हो! ज्वारीची की कणकेची?

शेवंता_सातारा
ज्वारीची. पण कवळी असेल तर कणकेची, बिचारे आजोबा काय चावणार. (फोनवरून टाइप करतेय, कुकर लागलाय)

औषधपेटी
खाण्याआधी हे वाचा. रोजच्या गोळ्यांचे दोन संच, एक त्यांच्या पिशवीत, एक यांच्या. मोठी बॅग बर्थखाली साखळीने बांधलेली असते, मध्यरात्री काढता येत नाही. प्रवासाच्या दिवसांपेक्षा पाच दिवसांच्या गोळ्या जास्त.

इन्सुलिन: वापरात असलेलं साधारण चार आठवडे ३० अंशांखाली चालतं, नेमकं पाकिटावर बघा. एसी डब्यात काही करायला नको. शिल्लक बाटली बर्फाला चिकटवून ठेवतात ती चूक, गोठलं की फेकून द्यावं लागतं. जेवण उशिरा येणार म्हणून इंजेक्शन ताट समोर आल्यावरच, आणि उशाशी साखर.

संडासला जावं लागू नये म्हणून पाणी न पिणं ही सगळ्यात मोठी चूक. लघवी वाढवणारी बीपीची गोळी चालू असेल तर चक्कर येऊन पडायला तेवढं पुरतं. तासा-दीड तासाने डब्यातून एक फेरी, बसल्या जागी घोटे गोल फिरवायचे. तब्येत बिघडली तर टीटीईला सांगा किंवा रेल्वेची हेल्पलाइन १३९ लावा, पुढच्या मोठ्या स्टेशनवर डॉक्टर बोलावता येतो.

घाटमाथा
संडासाची वेळ पहाटे पाचच्या आत. सहाला मधले बर्थ उतरतात आणि रांग लागते. टाकीतलं पाणीही तोवर असतं. कागद, पॅड आत टाकू नका, बायो-टॉयलेट तुंबलं की पुढच्या स्टेशनपर्यंत अख्ख्या डब्याला भोगावं लागतं.

वर्धेकर_काकू
विवेकच कशाला, हिमसागर आहे की! कन्याकुमारी ते कटरा, बल्लारशा-नागपूरवरून जाते. आमच्या विदर्भातल्या लोकांना अर्धा देश उत्तरेला, अर्धा दक्षिणेला, मधेच चढायचं. फक्त डिसेंबर-जानेवारीत नको, धुक्यात दिल्लीच्या अलीकडे-पलीकडे गाडी किती थांबेल काही भरवसा नसतो. तीन तासांहून जास्त लेट असेल आणि जायचं नसेल तर पूर्ण पैसे मिळतात, पण गाडी तुमच्या स्टेशनवरून सुटायच्या आत टीडीआर (परताव्याचा अर्ज) भरा.

होल्डॉल
काकू, विवेकला उलटं: ऑक्टोबर-नोव्हेंबर-डिसेंबर टाळा, पूर्व किनाऱ्यावर चक्रीवादळं येतात, गाड्या रद्द होतात. आसामात पावसाळ्यात पूर. फेब्रुवारी उत्तम. एक विसरू नका, तिकडे सूर्य लवकर बुडतो, हिवाळ्यात दिब्रुगडला साडेचार-पाचला अंधार. गाडी रात्री पोचते, तेव्हा खोली आधीच ठरवलेली हवी.

खिडकी_खिडकी
बघायचं काय ते कोणी लिहिलंच नाही :( राजमहेंद्रीचा गोदावरी पूल. ब्रह्मपूरनंतर बालुगावच्या आसपास चिलिका, भुवनेश्वरकडे जाताना उजव्या हाताला, दिवसा गेलात तरच. फराक्का बराजवरून गंगा. गुवाहाटीजवळ ब्रह्मपुत्रेवरचा १९६२ चा सराईघाट पूल, खाली रेल्वे वर रस्ता.

रूळवाले_अण्णा
विशाखापट्टणमला इंजिन दुसऱ्या टोकाला लागतं. गाडीची दिशा उलटते. आतापर्यंत पुढे तोंड करून बसलेले उलटे बसतात, मळमळ होणाऱ्यांनी आधीच समोरच्या बाजूला सरकावं. आणि पुढे चढणाऱ्यांनी डब्यांचा क्रम उलटा धरावा. बॅगा घेऊन फलाटाचं दुसरं टोक गाठायला साठीत दहा मिनिटं लागतात.

दौंडलाही पूर्वी असंच व्हायचं. आता पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या काही गाड्या दौंड कॉर्ड लाईनवर थांबतात, ते स्टेशन वेगळं, जंक्शनपासून लांब. तिकिटावर नीट वाचा.

शेवंता_सातारा
अण्णा दौंडला अजून बटाटावडा मिळतो का हो?

रूळवाले_अण्णा
जंक्शनवर मिळतो. कॉर्ड लाईनला चहाचीच मारामार, घरून न्या.

लोअरबर्थ_प्लीज
तत्काळ राहिलं: एसीचं १० ला, बाकीचं ११ ला, आणि 'एक दिवस आधी' म्हणजे गाडी मूळ स्टेशनवरून सुटते त्याच्या एक दिवस आधी. विवेक गुवाहाटीला चौथ्या दिवशी येते, तेव्हा तुमच्या तारखेच्या आदल्या दिवशी बघाल तर तत्काळ कधीच संपलेलं. कन्फर्म तत्काळ रद्द केलं तर छदाम मिळत नाही.

नवीन_सदस्य
स्टेशनातली खोली ऑनलाइन मिळते का? बाबांना जिना जमत नाही.

मुक्काम_पोस्ट
मिळते, पीएनआर कन्फर्म किंवा आरएसी हवा. जास्तीत जास्त ४८ तास. पण रिटायरिंग रूम बऱ्याच ठिकाणी वरच्या मजल्यावर असते, लिफ्ट आहे का ते स्टेशनवर फोन करून विचारा, मगच पैसे भरा.