फंकचं श्रेय जेम्स ब्राऊनचं की त्याच्या बँडचं?

ठेका_पुणेकर: अमेरिकन गायक जेम्स ब्राऊनला सगळे फंकचा, म्हणजे त्या ठेक्यावर चालणाऱ्या नाचऱ्या संगीताचा, बाप म्हणतात, मला ते निम्मंच पटतं. माणूस शून्यातून वर आला हे कबूल, १९३३ चा जन्म, जॉर्जियातल्या ऑगस्टा शहरात हलाखीचं बालपण, चोरीपायी कोवळ्या वयात जेल, मग १९५६ ला 'प्लीज प्लीज प्लीज' हिट. पण पुढचा फंक वाजवला कोणी? १९६७ च्या 'कोल्ड स्वेट'मधली ब्रासची, म्हणजे फुंकवाद्यांची, ओळ बँडमधल्या सॅक्सोफोनवाल्या पी वी एलिसची, 'फंकी ड्रमर'चा ठेका ड्रमर क्लाइड स्टबलफिल्डचा. तोच ठेका हिपहॉपवाल्यांनी किती गाण्यांत उचलला, पब्लिक एनिमीनेसुद्धा, आणि गाण्यावर नाव एकट्या ब्राऊनचं. क्लाइडला त्यातून रॉयल्टी नाही. हा कुठला न्याय?

समेवर_या: अरे पण काय वाजवायचं हे सांगत कोण होतं? ब्राऊनच ना. तोवर जोर दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर असायचा, ह्याने सगळं वजन पहिलीवर आणलं. तबला शिकलेल्यांना लगेच कळेल, गिटार, बास, ब्रास आपापला तुकडा घेऊन फिरतात आणि समेवर सगळे एकदम आदळतात. नोटेशन येत नव्हतं तर पठ्ठ्या तोंडाने हुंकार देऊन एलिसला ओळ सांगायचा. शिवाय १९६२ ला अपोलो थिएटरचा लाइव्ह अल्बम काढूया म्हणाला तर त्याच्या कंपनीचा, किंग रेकॉर्ड्सचा, मालक सिड नेथन पैसे घालायला तयार नाही, मग ह्याने स्वतःच्या खिशातून रेकॉर्डिंग केलं आणि तो अल्बम पॉपच्या यादीत दोन नंबरला गेला. हे बँडने केलं का?

रेवा_ठाणे: धंद्याची अक्कल होतीच हो, माणसं सांभाळायची नव्हती. सूर चुकला, बुटांना पॉलिश नाही, की दंड. स्टेजवर नाचता नाचता हाताची बोटं दाखवायचा, म्हणजे वाजवणाऱ्याने समजायचं आपले इतके डॉलर गेले, आणि पब्लिकला वाटायचं डान्सचीच स्टेप आहे 😅 १९७० ला वैतागून सॅक्सोफोनवाला मेसिओ पार्कर आणि बँडमधले बाकीचे निघून गेले, त्यात नवल काय.

समेवर_या: गेले, आणि ह्याने सिनसिनाटीहून विमानाने पोरं बोलावली, त्यातला बास वाजवणारा बूट्सी कॉलिन्स जेमतेम अठराचा. थोड्याच दिवसांत त्यांच्यासोबत 'सेक्स मशीन' रेकॉर्ड झालं, तेही हिट! उलट मेसिओ मंडळींनी वेगळा बँड काढला, अल्बम आपटला. माणसं बदलली तरी गाडी चालतेय म्हणजे ड्रायव्हर कोण ते कळतंच की.

ठेका_पुणेकर: सोयीस्कर ठिकाणी थांबलास. तोच बूट्सी वर्षभरात ब्राऊनला सोडून गेला, पुढे पार्लमेंट-फंकाडेलिक बँडवाल्या जॉर्ज क्लिंटनकडे, नंतर मेसिओ आणि ब्राऊनचाच ट्रॉम्बोनवाला फ्रेड वेस्लीही तिकडेच, आणि सत्तरच्या दशकात पार्लमेंट-फंकाडेलिकने जो धुमाकूळ घातला त्यात ब्राऊन कुठेच नव्हता.

समेवर_या: नव्हता कसा, पहिल्या मात्रेचं वेड बूट्सीला लावलं कोणी? तो स्वतः सांगत असतो.

रेवा_ठाणे: ठीक आहे, शिकवल्याचं श्रेय ब्राऊनला देऊन टाका. 'फंकी ड्रमर'वर क्लाइडचं नाव मात्र हवंच होतं, त्यावर बोला ना कोणीतरी.