मदत हवी आहे: फेब्रुवारीअखेर कुंवारी पास, हिमस्खलनाचा धोका कसा ओळखायचा?

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघं पुण्याहून उत्तराखंडातल्या जोशीमठला जाऊन कुंवारी पासचा ट्रेक करणार आहोत. सह्याद्रीत पंधरा वर्षं फिरतोय, पण बर्फातला हा पहिलाच ट्रेक, आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटतेय. 28 फेब्रुवारी 2025 ला याच चमोली जिल्ह्यात माणा गावाजवळ रस्त्याचे कामगार हिमस्खलनात गाडले गेले होते. त्याआधी काही दिवस जोरदार बर्फ पडत होता.

30 ते 45 अंशांचे उतार सगळ्यांत धोकादायक, आणि ताज्या बर्फानंतरचे एक-दोन दिवस जास्त जपायचं, एवढं वाचलंय. पण वाऱ्याने साचलेला बर्फ डोळ्यांनी ओळखता येतो का? हिमस्खलनाचा अंदाज देणाऱ्या चंदीगडच्या डीजीआरई या संस्थेचा इशारा जिल्हा आणि उंचीनुसार असतो. तो आपल्या वाटेला लागू आहे की नाही, हे तुम्ही कसं ठरवता?

बीकन (गाडलेला माणूस कुठे आहे ते सिग्नलने दाखवणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं भाड्याने कुठे मिळेल? गाडलेला माणूस पंधरा मिनिटांत बाहेर काढला तरच वाचण्याची आशा चांगली असते, म्हणून सरावही करायचाय. आमच्या गाईडकडे बीकन नाही. "या वाटेवर लागत नाही" म्हणतो. हे पटवून घ्यावं का?

त्या दिवसांत तिकडे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा. तिकिटं अजून काढलेली नाहीत.