विद्यापीठासाठी मोठ्या देणग्या मिळवण्याची नोकरी : घ्यावी का?

रानजाई

नमस्कार मंडळी. मी पुण्यात एका खाजगी बँकेत रिलेशनशिप मॅनेजर आहे. कारखानदार, डॉक्टर, परत आलेले एनआरआय अशा मोठ्या ठेवीदारांची खाती बघते. आता एका विद्यापीठाच्या माजी विद्यार्थी आणि निधी विभागातून बोलावणं आलंय. काम मोठ्या देणग्यांचं, म्हणजे त्यांच्या हिशेबात ५० लाखांच्या वरच्या. पगार आत्तापेक्षा कमी आहे, पण शिक्षणसंस्थेत काम करायची माझी फार दिवसांची इच्छा आहे. मी स्वतः फीमाफीवर शिकले.

सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे आता लोकांच्या दारी वर्गणी मागत फिरणार का?" मला राग नाही आला, पण उत्तरही देता आलं नाही. हे लोक दिवसभर नक्की करतात काय? बँकेत दर महिन्याच्या टार्गेटपायी विमा आणि फंड लोकांच्या गळ्यात मारावे लागतात, त्यालाच मी कंटाळले आहे. इथेही तेच असेल तर नको. कुणी हे काम केलंय का?

केळफूल

रानजाई, मी ओहायोतल्या एका सरकारी विद्यापीठात बरीच वर्षं हेच करते. हुद्दा मेजर गिफ्ट्स ऑफिसर, माझ्याकडे इंजिनिअरिंग कॉलेज आहे. आमच्याकडे एक लाख डॉलरच्या पुढची देणगी मोठी धरतात, लहान कॉलेजांत २५ हजारांपासून.

माझ्या यादीत सव्वाशेच्या आसपास नावं असतात. ती आमची संशोधन करणारी सहकारी काढून देते. घराची सरकारी नोंद, कंपनीतले शेअर, कुठल्या संस्थेच्या मंडळावर आहेत, सगळं ती बघते. पण मी सगळ्यात आधी बघते ते मागच्या देणग्यांचं पान. वीस वर्षं न चुकता ५० डॉलरचा चेक पाठवणारी निवृत्त बाई मला कधीच काही न दिलेल्या कोट्यधीशापेक्षा महत्त्वाची वाटते. पैसा किती आहे ते नोंदींतून कळतं. जीव कुठे आहे ते या चेकांतून.

मग फोन, आणि पहिली भेट. त्या भेटीत मी पैशाचा विषय काढत नाही. तुम्ही या कॉलेजात कसे आलात, फी कुणी भरली, कुठले सर अजून आठवतात, एवढंच विचारते आणि ऐकते. परत येताना गाडी बाजूला लावून सगळं टिपून ठेवते, कारण ऑफिसातल्या नोंदीत ते त्याच दिवशी गेलं पाहिजे.

एक उदाहरण देते. यंगस्टाऊनकडचे एक निवृत्त अभियंते, वडील पोलाद कारखान्यात कामगार. आमच्या डीनना त्यांच्याकडून नव्या प्रयोगशाळेसाठी पैसे हवे होते, दारावर नाव लावायची तयारी होती. पण हे गृहस्थ दर भेटीत एकच गोष्ट सांगायचे : तिसऱ्या वर्षी एका सत्राची फी भरायला थोडे पैसे कमी पडले आणि शिक्षण सुटता सुटता राहिलं, विभागातल्या एका प्राध्यापकांनी खिशातून भरले. प्रयोगशाळेबद्दल त्यांनी एकदाही काही विचारलं नाही. मी डीनना स्पष्ट सांगितलं की हे प्रयोगशाळेचे देणगीदार नाहीत. डीन नाराज झाले, पण त्यांनी ऐकलं. जवळजवळ दोन वर्षांनी अडीच लाख डॉलरचा कायम निधी (मूळ रक्कम तशीच गुंतवून ठेवायची, दरवर्षी थोडा भाग वापरायचा) उभा राहिला : पदवीच्या शेवटच्या टप्प्यावर पैशांमुळे अडलेल्या मुलांसाठी. त्यातले दरवर्षी ४ टक्के, म्हणजे १० हजार डॉलर वाटले जातात. काही भाग त्यांनी भाव चढलेल्या शेअरमधून दिला, त्यामुळे नफ्यावरचा कर वाचला. उरलेला निवृत्तिखात्यातून थेट आमच्याकडे वळवला. इथे साडेसत्तर वर्षांच्या वरच्यांना असं करता येतं, ती रक्कम उत्पन्नात धरली जात नाही. ही माहिती आपल्याला हवीच, पण कर वाचतो म्हणून देणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. आधी द्यायचं ठरतं, मग कराचं बघतात.

प्रत्यक्ष मागणं हा दहा मिनिटांचा भाग आहे. तोवर दोघांनाही माहीत असतं काय मागणार. रक्कम स्पष्ट सांगायची, काम सांगायचं, आणि मग गप्प बसायचं. ते गप्प बसणं मात्र शिकावं लागतं.

माझ्या मते खरं काम त्याच्या नंतरचं आहे. दर वर्षी त्या गृहस्थांना कळवलं जातं की कुठल्या शाखेच्या किती मुलांना मदत झाली, त्यातली किती पास झाली. मुलांची पत्रं जातात. एका वर्षी निधीची रक्कम पूर्ण वापरली गेली नव्हती, तेही कळवलं, कारणासकट. या कळवण्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. देणगीदाराच्या बाजूने ऑफिसात बोलणारं कुणीतरी लागतं आणि ते काम आपलं असतं. ते जमणार नसेल, किंवा संस्था ते करू देणार नसेल, तर तू म्हणतेस ते गळ्यात मारणंच उरतं.

टार्गेट असतं : वर्षाला किती भेटी, किती प्रस्ताव, किती रक्कम. आमचं वर्ष ३० जूनला संपतं आणि मे-जूनमध्ये झोप कमी होते. कमिशन मात्र नसतं, आणि नसावंच. इथल्या असोसिएशन ऑफ फंडरेझिंग प्रोफेशनल्स या संघटनेच्या आचारसंहितेत टक्केवारीवर मोबदला घ्यायला बंदी आहे. तुला देऊ केलेल्या पगारात टक्केवारी असेल तर सरळ नाही म्हण.

जमाखर्च

केळफूलताईंनी अमेरिकेचं सांगितलं, मी इथल्या नियमांचं सांगतो. मी सीए आहे, दोन शिक्षणसंस्थांचे हिशेब बघतो.

परदेशातल्या माजी विद्यार्थ्यांकडे जाणार असाल तर पहिला प्रश्न पासपोर्टचा. भारतीय पासपोर्टवाल्या एनआरआयने स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गे दिलेली देणगी परदेशी धरत नाहीत. तोच माणूस अमेरिकन नागरिक झाला, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं) असलं तरी, की ती परदेशी देणगी. मग संस्थेची एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी हवी, आणि २०२० च्या दुरुस्तीपासून पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. प्रशासकीय खर्चाला कमाल २० टक्के, आणि आलेली रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. तिथल्या लोकांना तिथली करसवलत हवी असते, म्हणून आयआयटी मुंबईसारख्यांचं हेरिटेज फाउंडेशन अमेरिकेत नोंदलेलं आहे.

देशातल्या देणगीदारांना देणगीवरची आयकर वजावट सांगून फार उपयोग नाही. नवी करपद्धत घेतलेल्या व्यक्तीला ती वजावट मिळत नाही. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठी कायद्याने ठरवलेला खर्च, सरासरी नफ्याचे २ टक्के, पण ते कायम निधीत घेता येत नाहीत, २०२१ पासून बंद आहे. ताईंनी सांगितला तसा कायम निधी उभा करायचा तर व्यक्तींकडेच जावं लागेल, त्यामुळे तुमच्या जागेला महत्त्व आहे.

गिरगावकर

सासूबाईंना एसएनडीटीची गोष्ट सांगा. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली पुण्यात महिला विद्यापीठ काढलं आणि त्यासाठी पैसे गोळा करत आयुष्यभर फिरले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख रुपये देऊ केले आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं नाव लागलं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. पुढे त्यांच्या पत्नी प्रेमलीलाताई त्याच विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. त्या आधीचा आमच्या फोर्टातला राजाबाई टॉवर बघा. १८७८ मध्ये पुरा झाला, प्रेमचंद रायचंदांच्या आईच्या नावाचा. मी त्याच्या खालच्या ग्रंथालयात बसून एम.ए. केलं. नाव लावण्याला लोक हसतात, मला ते कधीच पटलेलं नाही. आईचं नाव हजारो मुलांच्या पदवीवर यावं असं वाटणं ही चांगली इच्छा आहे, आणि त्यातून मुली शिकल्या.

आत्ताचं म्हणाल तर २०२३ मध्ये नंदन नीलेकणींनी आयआयटी मुंबईला ३१५ कोटी दिले, तिथे प्रवेश घेतल्याला ५० वर्षं झाली म्हणून. त्याआधी ते ८५ कोटी देऊन चुकले होते. आधी दिलेलं नीट लागलं असं दिसलं, म्हणूनच पुन्हा दिले असणार असं मला वाटतं.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. सासूबाईंना कर्व्यांचं वाचून दाखवलं. त्या स्वतः एसएनडीटीच्या, मला हे माहीतच नव्हतं! केळफूलताई, पुढच्या आठवड्यात मुलाखत आहे. मी त्यांना काय विचारू?

केळफूल

अरे वा, त्यांना माझा नमस्कार सांग.

एक तर विचार की मागच्या वर्षी देणगीदारांना जे अहवाल पाठवले त्यातला एखादा, नाव झाकून, बघायला मिळेल का. दाखवला तर वाचून बघ, मुलांबद्दल काही आहे की नुसते उद्घाटनाचे फोटो. मिळणार नाही म्हणाले तर का ते विचार.

कुलगुरू महिन्यातून किती वेळ देणगीदारांना देतात हे विचार. मोठी रक्कम देणाऱ्याला त्यांच्याशी बोलायचं असतं, आणि तारीख मिळत नसेल तर तू एकटी काही करू शकणार नाहीस. पहिल्या वर्षाचं टार्गेट रुपयांत असेल तर ते भेटींमध्ये मागून घे. ओळख नसलेल्या माणसाकडून बारा महिन्यांत ५० लाख येत नाहीत, आणि घाई केली तर तो माणूस कायमचा जातो.

बँकेतल्या तुझ्या ग्राहकांची यादी त्यांना हवी असेल, तर मुलाखतीतच सांग की ती मिळणार नाही. त्या लोकांनी तुझ्यावर ठेवींसाठी विश्वास ठेवला होता.

आणि तुझ्याआधी या जागेवर कोण होतं, का गेलं, त्यांच्या भेटींच्या नोंदी ठेवल्या आहेत का, हे नक्की विचार. या कामात माणसं लवकर बदलतात. नोंदी नसतील तर तू ज्या आजोबांना भेटायला जाशील ते तिसऱ्यांदा तीच गोष्ट नव्या माणसाला सांगत असतील, आणि त्यांना ते लक्षात येतं.