जुनी स्पोर्ट्स कार लातूरमध्ये राहून घ्यावी का, आणि घेतल्यास या दोघींपैकी कोणती?

लातूरकर

नमस्कार. माझे वय 46 आहे आणि गंजगोलाईजवळ आमचे कापडाचे दुकान आहे. 2000 च्या सुमारास मी औरंगाबादला शिकत असताना क्रांती चौकात उघड्या टपाची एक लाल सॅन स्टॉर्म उभी पाहिली होती, आणि तेव्हापासून अशी एखादी गाडी आपल्या दारात असावी ही इच्छा मनात आहे. मुलीचे शिक्षण मार्गी लागले आहे. पाच लाख रुपये बाजूला काढता येतील आणि घरातल्या सर्वांची संमतीही आहे.

दोन गाड्या नजरेत आहेत. पहिली सॅन स्टॉर्म, गोव्यात 2001 मध्ये नोंदलेली. ती सहा वर्षांपासून छत्रपती संभाजीनगरच्या एका शेडमध्ये उभी आहे आणि मालक साडेचार लाख मागत आहेत. दुसरी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, 2005 ची, एमएच 20 नोंदणीची. ती जालन्यात एका डॉक्टरांकडे आहे, रोज नसली तरी आठवड्यातून एकदा चालते, आणि तिची किंमत सव्वातीन लाख सांगितली आहे. गाडी पहाटे औसा, तुळजापूर, कधी अंबाजोगाई एवढ्यापुरतीच चालवायची आहे. उद्या विकावी लागली तर किती तोटा सोसावा लागेल, आणि लातूरसारख्या ठिकाणी ती सांभाळता येईल का, यावर अनुभवी मंडळींनी सल्ला द्यावा.

वाळूजचा टूलरूमवाला

माझ्याकडे नऊ वर्षांपासून ऑक्टाव्हिया आरएस आहे, त्यामुळे माझे मत तिच्याकडे झुकणार हे आधीच सांगतो. ही गाडी शेंद्र्याच्या कारखान्यात जुळणी झालेली, म्हणजे आपल्याच मातीतली आहे. 1.8 लिटरचे 20 व्हॉल्व्हचे टर्बो पेट्रोल इंजिन आणि 150 बीएचपी ताकद त्या काळी आपल्याकडच्या सेडानमध्ये सहसा मिळत नसे. तिच्या बाजारभावाला आधार देणारी खरी गोष्ट मात्र ताकद नसून सुट्या भागांची उपलब्धता आहे. याच घराण्याचे इंजिन फोक्सवॅगन आणि ऑडीच्या अनेक मॉडेलांत जगभर वापरले गेले, म्हणून कॉइल, सेन्सर, बेल्ट, पंप यांपैकी काहीही अडले तरी महिनाभरात मिळते.

अशा गाड्यांची किंमत कशी ठरते हे आधी समजून घ्यावे. साध्या हॅचबॅकचा भाव वर्ष आणि किलोमीटर पाहून सांगता येतो, कारण तशा शंभर गाड्या विकायला असतात. येथे संपूर्ण मराठवाड्यात विकायला एक गाडी असते आणि घेणारे फार तर दोघे असतात. त्यामुळे मालक जी किंमत सांगतो ती त्याच्या आठवणींची असते, आणि खरी किंमत म्हणजे त्या रकमेतून गाडी निर्धोक रस्त्यावर आणण्याचा खर्च वजा करून जे उरेल ते. हा हिशोब कागदावर मांडल्याशिवाय इसार देऊ नका.

आरएस पाहायला जाल तेव्हा मालकांना आदल्या रात्रीपासून गाडी सुरू न करण्याची विनंती करा. बॉनेटवर हात ठेवून इंजिन खरोखर थंड आहे याची खात्री करा आणि मगच चावी फिरवा. पहिल्या दहा सेकंदांत इंजिनातल्या दोन कॅमशाफ्टना जोडणाऱ्या साखळीची (टायमिंग बेल्ट वेगळा) खडखड येते का, ती किती वेळ टिकते, हे कान देऊन ऐका. नंतर गाडी चांगली तापू द्या, तिसऱ्या गियरमध्ये उतारावर अॅक्सिलरेटरवरचा पाय पूर्ण सोडा, आणि पुन्हा दाबताना मागे बसलेल्या माणसाला आरशातून नव्हे तर मान वळवून धूर पाहायला सांगा. निळा धूर दिसला तर टर्बोचे सील किंवा व्हॉल्व्हचे सील संपले आहे असे समजावे. टायमिंग बेल्ट शेवटचा कधी बदलला याची पावती मागा. पावती नसेल तर तो बदललेलाच नाही असे धरून चाला, कारण या इंजिनात बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि सिलिंडर हेडचे काम निघते. बेल्टसोबत पाण्याचा पंपही बदलावा. मूळ पंपाचा पंखा प्लास्टिकचा असतो आणि आपल्या मे महिन्यात तो दगा दिल्याशिवाय राहत नाही.

आता स्टॉर्मविषयी. तिची बॉडी फायबरग्लासची आहे, त्यामुळे पत्रा सडण्याची भीती नाही आणि तडे बुजवणारे कारागीर वाळूजमध्ये सहज मिळतात. दाराच्या बिजागरांभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा आहेत का ते बोट फिरवून पाहा. इंजिन रेनोचे 1149 सीसीचे आहे. युरोपात ते ट्विंगो आणि क्लिओमध्ये बसत असे, म्हणून इंजिनाचे सामान मागवता येते. अडचण पुढची काच, दिव्यांच्या काचा, कापडी टप आणि दाराची रबरे यांची आहे, कारण गाडीचे उत्पादन थांबून बरीच वर्षे झाली. यातली एक वस्तू गेली तरी गाडी वर्षभर उभी राहू शकते. सहा वर्षे उभी असलेल्या गाडीची टाकी उघडून वास घ्या. पेट्रोलला वॉर्निशसारखा आंबूस वास आला तर टाकी, पंप, इंजेक्टर आणि सगळ्या नळ्या यांचा खर्च धरा. शिवाय आता पेट्रोल पंपावर 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. जुन्या रबरी नळ्या त्याने फुगतात, आणि उभ्या गाडीत ते हवेतला ओलावा ओढून घेते.

नांदेडचा वाचक

यंत्राविषयी वरती सविस्तर आले आहे. मी कागदांविषयी लिहितो, कारण माझे पैसे कागदांतच बुडाले होते. चार वर्षांपूर्वी एका दलालाच्या भरवशावर मी दिल्लीहून एक दोन दारांची आयात गाडी घेतली. तिकडे 15 वर्षांवरील पेट्रोल गाड्या तेव्हा चालवता येत नव्हत्या म्हणून त्या स्वस्तात बाहेर पडत, हे खरे होते. दलालाने दाखवलेली एनओसी (आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र) मात्र दुसऱ्याच जिल्ह्याच्या नावे निघालेली होती आणि जुन्या कर्जाचा बोजा आरसीवरून, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरून, उतरलेला नव्हता. गाडी सात महिने अंगणात ताडपत्रीखाली राहिली, उंदरांनी वायरिंग कुरतडले, आणि अखेर मी ती निम्म्या किमतीत दिली.

तुमच्या दोन्ही गाड्यांची 20 वर्षे उलटली आहेत. ऑगस्ट 2025 च्या दुरुस्तीनंतर अशा हलक्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क 10,000 रुपये झाले आहे, तर आयात चारचाकीसाठी ते 80,000 रुपये आहे. या दोन्ही गाड्या भारतात तयार झाल्या असल्याने दुसरा आकडा तुम्हाला लागू नाही. नूतनीकरण एका वेळी पाच वर्षांचेच होते आणि उशीर झाला असेल तर दरमहा 500 रुपये वेगळे भरावे लागतात. महाराष्ट्रात पर्यावरण कर आहे आणि उच्च सुरक्षा नोंदणी पाटीही आवश्यक आहे. स्टॉर्म गोव्याची असल्यामुळे तिला तेथील एनओसी, म्हणजे नमुना 28, आणि आपल्याकडचा रस्ता कर हे दोन्ही लागतील. नूतनीकरण कोणी करून द्यायचे हे सौदा ठरण्यापूर्वी लिहून घ्या. माझ्या मते ते विकणाऱ्यानेच करून द्यावे, त्यानंतर मालकी बदलाच्या नमुना 29 आणि 30 वर सह्या व्हाव्यात, आणि पूर्ण पैसे सर्वांत शेवटी जावेत.

विम्यातही एक गोष्ट नीट समजून घ्यावी. पाच वर्षांवरील गाडीची विमा रक्कम कंपनी आणि मालक यांच्या सहमतीने ठरते, म्हणून गाडीचे फोटो आणि दुरुस्तीच्या पावत्या देऊन ती योग्य लावून घ्या. दाव्याच्या वेळी फायबरच्या भागांवर 30 टक्के, तर रबर आणि प्लास्टिकवर 50 टक्के घसारा कापला जातो. स्टॉर्म घेतल्यास हा आकडा डोळ्यांसमोर ठेवा.

परभणीचा पालिओवाला

लातूरकर, बजेट जपायचे असेल तर फियाट पालिओ 1.6 चाही विचार करावा. 1596 सीसी, 100 बीएचपी, आणि घट्ट, जड स्टिअरिंग. मी 11 वर्षे चालवतो आहे. दीड लाखाच्या आत चांगली गाडी मिळते, आणि आपल्याकडचा कोणताही जुना फियाट फिटर ती डोळे मिटून उघडतो. टप उघडत नाही, एवढेच.

लातूरकर

सर्वांचे मनापासून आभार. काल संभाजीनगरला जाऊन स्टॉर्म पाहिली. टाकीचे झाकण उघडताच वर वर्णन केलेला वास आला. दिव्याची डावी काच फुटलेली आहे, कापडी टप घडीवर बोट ठेवताच फाटला, आणि नोंदणी 2021 मध्येच संपली आहे. तरीही दार उघडून आत बसलो तेव्हा दहा मिनिटे उठवेना, हेही प्रामाणिकपणे सांगतो. मालक चार लाखांच्या खाली यायला तयार नाहीत. जालन्याच्या डॉक्टरांशी बोलणे झाले. बेल्ट दोन वर्षांपूर्वी बदलल्याची पावती त्यांच्याकडे आहे, पण टायर कधीचे आहेत हे त्यांना आठवत नाही.

वाळूजचा टूलरूमवाला

टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. 2317 म्हणजे 2017 चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसली तरी आठ वर्षांचे टायर घालून समृद्धीवर जाऊ नका, कारण तेथील काँक्रीट उन्हाळ्यात तापते आणि 120 च्या वेगाने कडक झालेले रबर फुटते. चार टायर, बॅटरी, सर्व द्रव, नळ्या आणि नूतनीकरण मिळून किमान 70 हजार धरा व तेवढे किमतीतून कमी करायला सांगा. अडीच लाखांच्या आसपास मिळाली तर पुढे विकताना तुमचा फारसा तोटा होणार नाही, असे मला वाटते. मात्र गिऱ्हाईक मिळायला सहा महिने ते वर्ष लागू शकते, तेव्हा अडीनडीला लागणारा पैसा तिच्यात गुंतवू नका. स्टॉर्मच्या मालकांचा फोन मात्र जपून ठेवा. शेडमध्ये आणखी एक पावसाळा काढल्यावर ते पुन्हा बोलतील.

लातूरकर

डॉक्टर दोन लाख साठ हजारांपर्यंत आले आहेत आणि नूतनीकरण करून द्यायलाही तयार आहेत. रविवारी सकाळी सात वाजता जालन्याला पोहोचतो. शनिवारी रात्रीपासून गाडीला हात लावू नये, असे त्यांना कळवले आहे.