चाकणच्या कारखान्यात युनियन नोंदवायची, सह्या किती लागतात?

चाकणकर: कायम कामगार २४०. ७ सह्यांत काम भागतं असं ऐकलंय. खरं का?

जुना_कार्यकर्ता: अर्जावर ७ सभासदांच्या सह्या चालतात, पण नुसत्या ७ वर नोंदणी नाही. एकूण कामगारांच्या १० टक्के किंवा १००, यांतला कमी आकडा धरायचा. ७ ही किमान मर्यादा. तुम्हाला २४ सभासद हवेत. पण ४०-५० करा. अर्ज दिल्यावर सह्या करणाऱ्यांतले निम्म्यापर्यंत लोक फिरले तरी अर्ज बाद होत नाही, मात्र अर्जाच्या दिवशी २४ सभासद असलेच पाहिजेत आणि नोंदणीनंतरही तेवढे टिकले पाहिजेत. वर्गणीच्या पावत्या पहिल्या दिवसापासून फाडा.

चाकणकर: मग पगारवाढीची बोलणी लगेच?

लेबर_डेस्क: नोंदणी वेगळी, मान्यता (म्हणजे व्यवस्थापनाशी बोलणी करायचा हक्क) वेगळी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता (युनियन आणि संपाबाबतचा केंद्राचा नवा कायदा) लागू आहे. दुसरी युनियन असेल तर एकट्याने बोलणी करायला हजेरीपटावरच्या ५१ टक्के, म्हणजे १२३ कामगारांचा पाठिंबा लागेल. व्यवस्थापनाच्या मर्जीतली युनियन उभी राहते ती इथेच.

जुना_कार्यकर्ता: आणि संपाची घाई नको. नोटीस दिल्यावर १४ दिवस थांबावं लागतं, सरकारी अधिकाऱ्यापुढे समेटाची बोलणी सुरू असताना संप बेकायदा. ‘सगळे सीएल (किरकोळ रजा) टाकू’ हा जुना डावही गेला: ५० टक्के किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी अशी रजा घेतली तर तो संपच.