उत्तर: नव्या कथेतला कामगार गेला कुठे?
कामगार मराठी कथेतून गायबच झाला, हे म्हणणं मला अर्धंच पटतं. जयंत पवारांच्या 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' या कथासंग्रहाला २०१२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि त्यात मुंबईतल्या गिरणी कामगारांचं गिरणगावच तर आहे. माणूस येतो हो, त्याची भाषा छापताना गळते.

माझा पहिला कथासंग्रह गेल्या वर्षी आला. त्यातली एक कथा धुणीभांडी करणारी बाई सांगते. प्रूफं आली तर 'न्हाई'चं 'नाही', 'व्हतं'चं 'होतं', बाई एकदम सोसायटीच्या सेक्रेटरीसारखी बोलायला लागलेली! "संवादात बोली चालेल, निवेदन प्रमाणभाषेत ठेवू," असं प्रकाशकांचं म्हणणं. म्हणजे बाईनं बोलावं, पण गोष्ट सांगू नये. तीन आठवडे हुज्जत घालून एकेक शब्द परत बसवला.

लेखक-प्रतींचं पार्सल आलं तेव्हा सुतळी सोडायलाही धीर नव्हता, दातांनीच तोडली. आई चार घरी पोळ्या करायची. तिनं पुस्तक उलटंसुलटं केलं, मागची किंमत बघितली आणि हळूच विचारलं, "माझं नाव न्हाई ना घातलंस ह्यात?"